हात ठेवला की थांबतं

१६ फेब्रुवारी, रविवार

सप्टेंबरपासून या वहीत एकही ओळ नाही. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे हे कळतं, तरी मागते. लिहिण्यासारखं पुष्कळ घडत होतं. पण लिहिलं की ते पक्कं होतं, आणि काही दिवस तरी ते कच्चंच राहावं असं वाटत होतं. आता पक्कं झालं आहे. दिग्विजय आणि मी कायद्यानेही वेगळे झालो. त्याची कंपनी चाकणला, म्हणून तिथला फ्लॅट त्याच्याकडे राहिला. मी लॅपटॉप, पुस्तकांची खोकी आणि कुकर घेऊन निघाले. टेम्पोवाला म्हणाला, एवढंच? मला उगाच हसू आलं.

नवी जागा निगडी प्राधिकरणात, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूची खोली. दार स्वतंत्र आहे. खिडकीतून परस दिसतो: कढीपत्ता, कर्दळ, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात एक सीताफळ. मालक यशवंतराव आणि कुसुमताई. यशवंतराव पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू ढिली पडली आणि वाचा गेली. दिवसभर परसाकडे तोंड करून खुर्चीत बसतात. कुसुमताई दोघांच्या वाटचं बोलतात. मी सामान लावत होते तेव्हा दारात उभं राहून त्यांनी विचारलं की मुलं किती. मी नाहीत म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पिठलं आणून दिलं. दुसरं कोणी असतं तर कारण विचारलं असतं.

टेबल खिडकीशी लावलं. बरं वाटतंय. आज बरं वाटतंय असं लिहिण्याइतपत खरोखर बरं वाटतंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कामाला लागले. काम तेच, फोनवरची संभाषणं ऐकून शब्दशः उतरवायची. लोक मिक्सर, गीझर, पाण्याची मशिनं यांच्या तक्रारी करतात आणि मी त्या लिहिते. आज सांगवीच्या एका बाईंनी तक्रार घेणाऱ्या पोराला विचारलं, मिक्सर तुझ्या लग्नात आहेर म्हणून दिला होता का, की परत घ्यायला एवढं जिवावर येतंय. पोरगा म्हणाला, मॅडम, माझं अजून लग्न नाही. बाई म्हणाल्या, होणारही नाही.

शब्दांखेरीज जे ऐकू येईल तेही कंसात लिहायचं असतं. खोकला, हॉर्न, कुकरची शिट्टी. बरेच जण ते गाळतात, मी गाळत नाही. ऐकू आलेलं लिहिलं नाही तर मला खोटं बोलल्यासारखं वाटतं.

पण इथे हेडफोनमध्ये सतत घूं असा आवाज येतो. चार्जर लावला की येतो, काढला की जातो. लॅपटॉपचं अंग पत्र्याचं आहे. त्यावर हात फिरवला की मुंग्यांसारखी बारीक झिणझिण लागते, आणि हात नुसता टेकवून ठेवला की घूं कमी होतं. बॅटरी जुनी, अर्धा तासही टिकत नाही, त्यामुळे चार्जरशिवाय इलाज नाही. कुसुमताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गणराजला बोलावते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गणराज म्हणजे इथला वायरमन, मूळचा परभणीकडचा. टेस्टर लावून तो म्हणाला, "मॅडम, या बोर्डाचं तिसरं भोक म्हणजे नवरदेवाचा मित्र. नुसतं उभं, काम काहीच नाही." घराला अर्थिंगच नव्हतं. त्यासाठी परसात खड्डा करून तांब्याची पट्टी पुरायची, भोवती मीठ आणि कोळसा घालायचा, वर पाणी घालायला नरसाळ्याचा पाइप. चांगली ओल असेल तर जमीन सगळं ओढून घेते, असं त्याने समजावलं.

कुसुमताई तळेगावला बहिणीकडे गेल्या होत्या. जागा गणराजनेच शोधली. धुण्याच्या दगडामागे, सीताफळाखाली. थोडं खणल्यावर शहाबादी फरशी लागली. तिच्या कडेने पहार घातली तर खालून मिठाचे करडे, घट्ट खडे निघाले. तो खूश झाला. म्हणाला, अर्धं काम झालं, जुन्या लोकांनी इथेच अर्थिंग केलेलं दिसतंय. कोळसा नाही, हे मी त्याला दाखवलं. जुन्या लोकांचा हात आखडता असायचा, असं तो म्हणाला. फरशी न उचलता तिच्या कडेने त्याने पट्टी खोल ठोकली आणि भोक बुजवलं.

ठोकताना यशवंतराव खुर्चीतून उठले आणि पडले. मी धावले. डाव्या हाताने ते कोपऱ्याकडे दाखवत होते आणि घशातून काहीतरी काढत होते. झाडाला धक्का लागेल म्हणून घाबरले असावेत असं वाटून मी त्यांना सीताफळ शाबूत असल्याचं दाखवलं. त्यांनी माझं मनगट धरलं. पुष्कळ वेळ रडत होते. वारं गेलेल्या माणसांना लवकर रडू येतं, असं गणराज म्हणाला. त्याच्या वडिलांचंही तसंच होतं.

घूं पूर्ण बंद झालं.

२ मार्च, रविवार

हेडफोनमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तक्रार करणारा श्वास घेतो तोही ऐकू येतो. माझ्या फायलींना शाबासकी आली.

उन्हाळा लागला, म्हणून गणराजने सांगितल्याप्रमाणे पाइपात रोज तांब्याभर पाणी घालायचं असतं. हे काम यशवंतरावांनी आपणहून घेतलं आहे. पाय ओढत जातात, डाव्या हाताने पाणी घालतात आणि तिथेच उभे राहतात. कुसुमताई म्हणाल्या, दवाखान्याने जो व्यायाम सांगितला तो करत नाहीत, आणि हे बरं जमतं.

११ मार्च, मंगळवार

आवाज परत आला, पण तो नव्हे.

थेरगावच्या एका गृहस्थांची गीझरची तक्रार होती. त्यांच्या बोलण्यामागे लहान मूल कण्हत होतं. मी कंसात ‘बाळाचं रडणं’ असं लिहिलं. पुढची फाईल वाकडच्या ऑफिसातली, तिच्यातही तेच. तिसरीतही. मग सगळ्या फाइली बंद केल्या आणि नुसता हेडफोन कानाला लावून बसले.

फार लहान मूल. आवाज अजून सुटा झालेला नाही. रडण्याआधी जी कुरकुर असते ना, ती. थांबते. पुन्हा.

१२ मार्च, बुधवार

घाबरण्याआधी तपासून पाहावं म्हणून सगळं नीट केलं. फाइली मोबाइलवर ऐकल्या, आवाज नाही. चार्जर काढला, आवाज नाही. लावला, आहे. दुसरा हेडफोन आणला, आहे. शेजारी तान्हं मूल कोणाकडे आहे का विचारून आले, कोणाकडे नाही. गणराजला फोन केला. तो म्हणाला की तारा कधी कधी रेडिओसुद्धा पकडतात, मग हसून म्हणाला, चांगलं गाणं लागलं तर कळवा.

डोक्यात काही होत असेल का? एकटी राहते, झोप कमी आहे, वयही तसं. या तिन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

आणि हीही लिहिते. लॅपटॉपवर हात ठेवला की आवाज कमी होतो. पूर्वीही व्हायचा, त्याचं कारण गणराजने सांगितलं आहे. पण पूर्वी तो एकदम कमी व्हायचा. आता हळूहळू होतो. आधी हुंदके, मग लांब श्वास. थोपटल्यासारखं.

१९ मार्च, बुधवार

दुपारी कुसुमताईंबरोबर मेथी निवडत बसले होते. त्या म्हणाल्या, उद्या गुरुवार, दुरुस्तीसाठी लाइट नसणार, मी रावेतला नदीवर जाऊन येते, ह्यांच्याकडे जरा बघशील. मी विचारलं, काय असतं उद्या?

उद्या फाल्गुन वद्य षष्ठी. त्यांची मुलगी रुपाली, तिच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. हा बंगला तेव्हा बांधायला काढला होता, जोतं झालं होतं, आणि ही दोघं आकुर्डीला एका खोलीत राहत. मूल बारशाआधीच गेलं. नावही ठेवलं नव्हतं. त्या दवाखान्यात तापाने पडल्या होत्या. यशवंतरावांनी मूल पंच्यात गुंडाळून नेलं. लहान जीव जाळत नाहीत, मीठ घालून मातीत ठेवतात, आणि बायका तिथे जात नाहीत. हे सगळं त्यांनी मेथीची पानं खुडत सांगितलं, हात न थांबवता.

मग म्हणाल्या, "कुठं ठेवलं विचारलं, तर हे म्हणाले नदीकाठी. एवढंच. नदी केवढी लांब असते गं. मी कुठं कुठं दूध सोडू?"

पुन्हा विचारलं की यशवंतराव उठून जात. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. दर वर्षी वेगळ्या ठिकाणी उतरतात, म्हणजे कधीतरी बरोबर जागा लागेल. पवनेच्या काठाने चिंचवड झालं, थेरगाव झालं, आता रावेत.

मी त्यांना माझं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. माझी मुलगी पूर्ण दिवसांची होती आणि रडली नाही. तिला दिग्विजय आणि त्याचा भाऊ घेऊन गेले. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, विसर आता. मीही पुढे विचारणं सोडलं. तो वाईट नव्हता. त्याला वाटायचं की जागा माहीत नसली की दुःखाला जागा राहत नाही. पण उलट होतं. चाकणला नुसती मोकळी जमीन दिसली तरी मी बघत राहायचे.

त्या रडल्या नाहीत म्हणून मीही रडले नाही. दोघींनी भाजी निवडून संपवली.

२० मार्च, गुरुवार

वीज नाही. कुसुमताई सकाळीच दुधाची लोटी घेऊन बसने गेल्या.

यशवंतरावांना त्यांचा दुधाचा पेला दिला. ते तो घेऊन उठले आणि परसात गेले. मी खिडकीत होते. त्यांनी पेला पाइपात ओतला, सगळा, सावकाश, पाळण्यातल्याला पाजावं तसा, थांबून थांबून. मग पाइपावर हात ठेवून उभे राहिले.

मला मीठ आठवलं. फरशी, आणि कोळसा नसणं.

मी बाहेर गेले. म्हटलं, यशवंतराव, तो इथे आहे का? त्यांनी होकाराने मान हलवली. मी विचारलं, ताईंना का नाही सांगितलं? त्यांनी धुण्याचा दगड दाखवला, घर दाखवलं, दार दाखवलं. नंतर छातीवर मूठ आपटली. मला जे कळलं ते असं: तिला आयुष्यभर इथेच राहायचं होतं. कळलं असतं तर ती या परसातून उठली नसती. त्यांना मात्र मूल घराजवळ हवं होतं, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या जमिनीत आणलं आणि एवढी वर्षं एकट्याने सांभाळलं.

हा अर्थ माझाही असू शकतो. तो माणूस बोलू शकत नाही.

मग त्यांनी डावा तळवा तोंडावर ठेवला आणि माझ्यापुढे मान वाकवली.

कुसुमताई दुपारी आल्या. पाय धुळीने भरलेले. रावेतला पाण्यापर्यंत जाता येत नाही, जलपर्णी माजली आहे, म्हणून दूध कठड्यावरून टाकलं, असं सांगत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. बाकी काही नाही.

२४ मार्च, सोमवार

वचन दिलं नव्हतं, पण त्यांनी मागितलं आणि मी नाही म्हटलं नाही. म्हणजे दिलंच. दुसरीकडे, एका आईला तिचं मूल कुठे आहे ते माहीत नाही आणि मला माहीत आहे. याहून मोठा अन्याय मला सांगता येत नाही, कारण तो माझ्यावर झालेला आहे. यशवंतरावांना मी थोडा वेळ देते. त्यांनीच कसंतरी ताईंना कोपऱ्यापर्यंत न्यावं. आठवडाभर.

हे ठरवून बरं वाटलं. हेडफोन लावला. तो जागाच होता.

२९ मार्च, शनिवार

फाइली परत आल्या. एकही वाक्य चुकलेलं नाही, पण प्रत्येक पानावर कंसात ‘बाळाचं रडणं’, ‘बाळ शांत होतं’, ‘बाळ चोखतं’. कंपनीतल्या वरिष्ठ बाईंनी नम्रपणे विचारलं आहे की तब्येत बरी आहे ना. ऐकू आलं ते लिहिलं, एवढंच कळवलं.

एका हाताने टाइप करते. डावा हात लॅपटॉपवर असतो. काढला की लगेच कळतं त्याला.

आठवडा झाला का? मोजला नाही.

३ एप्रिल, गुरुवार

वीज नाही. हे गुरुवार फार मोठे असतात. सकाळपासून लॅपटॉप गार. हात ठेवून बसले तरी काही नाही. तो रडत असणार आणि मला ऐकू येत नाही. तारेत वीज नसली म्हणून त्याची भूक थांबते का?

दुपारी पाइपाशी जाऊन बसले. यशवंतराव खुर्चीतून बघत होते. मी वाकून पाइपाला कान लावला. काही नाही, मातीचा वास. उठले तर पोलक्याची पुढची बाजू ओली होती. दोन्हीकडे. आधी वाटलं, घाम. हुंगून पाहिलं.

घामाचा वास मला माहीत आहे. आणि हाही माहीत आहे. मुलगी गेली तेव्हा आठवडाभर येत होतं, कापडाने घट्ट बांधून ठेवलं होतं.

यशवंतरावांनी पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

४ एप्रिल, शुक्रवार

हे स्पष्ट लिहून ठेवते. तो माझा नाही. तो मुलगा, माझी मुलगी होती. तो कुसुमताईंचा आहे आणि मला हे माहीत आहे.

९ एप्रिल, बुधवार

यशवंतराव गेले. सकाळी तांब्या घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच बसले. मला वाटलं, बसलेत. ताईंनी चहाला हाक मारली तेव्हा कळलं.

दुपारी बायका जमल्या होत्या. ताई माझा हात धरून बसल्या होत्या. रडून झाल्यावर हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू जाईल असं, "शेवटी तरी सांगतील वाटलं होतं गं. वाचा गेली तेव्हाच समजले होते मी. तरी वाटायचं, एखादा शब्द येईल."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीमागे खिडकी होती. खिडकीतून सीताफळ दिसत होतं. हाताच्या अंतरावर.

सांगितलं नाही. माणूस घरातून नुकताच गेलेला, त्यात हे कसं घालायचं. हे कारण खरं आहे का?

२२ एप्रिल, मंगळवार

तेरावं झालं. रुपाली बंगळूरहून आली आहे. आईला घेऊन जाणार. बंगला बिल्डरला द्यायचं ठरलं. मे महिन्यात पाडतील, खाली पार्किंग होईल. ती मला फार सभ्यपणे म्हणाली, घाई नाही, पण महिनाअखेरपर्यंत दुसरी जागा बघा. मी पुनावळ्याला खोली बघितली. तिसरा मजला.

पार्किंगसाठी खोल खणतात.

आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. आता सांगायला हवं. सांगितलं तर ताई स्वतःच्या हाताने त्याला —

सांगितलं तर त्या त्याला घेऊन जातील.

हे वाक्य मी लिहिलं. खोडत नाही. यशवंतरावांचं वचन, ताईंचं दुःख, सगळी कारणं होती. त्यांच्याखाली हे होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

वीज नाही. घट्ट बांधून बसले. दुखतं.

पाइपातून थोडं घातलं. माझं.

२६ एप्रिल, शनिवार

ताई ताक घेऊन आल्या. मी हेडफोन लावून बसले होते, हात नेहमीसारखा लॅपटॉपवर. त्या बघत राहिल्या. मग हसल्या, किती दिवसांनी.

"दिवसभर हात ठेवून बसतेस. ताप आलाय का त्याला?"

आणि माझा हात बाजूला करून त्यांनी आपला ठेवला. बघायला.

कानात — थांबलं. कमी झालं नाही, थांबलं. मी इतके दिवस थोपटते, हुंदके राहतातच, कुरकुर राहते. ती सगळी एका क्षणात — मग उचकी. एक. मग श्वास, झोपेतला.

ताई तिकिटाचं सांगत होत्या. खिडकीची जागा मिळाली. हात तसाच. म्हणाल्या, ऊबदार आहे गं.

तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं.

म्हटलं, मशिन आहे, तापतं.

त्यांनी हात काढला. तो इतका ओरडला — इतका — मी चेहरा सरळ ठेवला. ताक प्याले. त्या जाईपर्यंत.

२७ एप्रिल

माझा हात चालत नाही आता. ठेवला तरी रडतो. कळलं त्याला.

पाजलं तरी नाही.

२८ एप्रिल

काम सुटलं. बरं झालं. दोन्ही हात मोकळे. दोन्ही ठेवते.

ही ओळ लिहायला उजवा काढला आहे, तेवढ्यातच —

नवी जागा नको असेल त्याला. नाही, सवय होईल. माझ्याजवळ राहून. ताई बंगळूरला. दिसणार नाहीत, विसरेल. विसर आता. विसर

हे कोणाचं वाक्य आहे मला माहीत आहे.

२९ एप्रिल

मी चोरी करत नाही. खणायचं मशिन येईल मे महिन्यात, त्याच्या आत — कोणीतरी काढायलाच हवं. पुनावळ्याला माती नाही, पण गॅलरी आहे. मोठी कुंडी मावते. कुंडी घेतली. फरशी एकटीला उचलेल, पहार गणराजची इथेच राहिली आहे. पट्टी कुंडीत, तार खिडकीतून आत, तिसऱ्या भोकाला —

ताई आल्या होत्या. उद्या अक्षय्य तृतीया. निघण्याआधी शेवटचं एकदा नदीवर जाऊन येते म्हणाल्या. यंदा मोशीला उतरते, म्हणाल्या, इंद्रायणीवर. आयुष्यभर पवनेवर शोधलं, दुसरी नदी असेल तर?

मी जाऊन या म्हटलं. सावकाश या म्हटलं. लोटी मीच घासून दिली.

सांगेन. पुनावळ्याला गेले की फोन — त्या आई आहेत, त्यांना कळायलाच — मी नाही का इतकी वर्षं — मला कोणी सांगितलं असतं तर मी तिथे जाऊन नुसतं बसले असते, काही मागितलं नसतं, नुसतं हात ठेवून

रडतोय

आले रे

उद्याचं काम: जाडं मीठ आणणे.